गाडी कामगाराची, फायदा सगळ्यांचा

कुपवाड आणि त्याला लागून असलेली मिरजेची औद्योगिक वसाहत इथल्या फाउंड्र्या, सूतगिरण्या आणि इंजिनिअरिंगचे कारखाने पाळ्यांवर चालतात. सकाळची पाळी सुटते, दुपारची भरते, आणि त्या अर्ध्या तासात रस्त्यावर दुचाकींखेरीज फारसे काही दिसत नाही. एमएच-१०च्या पाट्या सर्वांत जास्त, मधूनच कोल्हापूरची एमएच-०९, काही गाड्या कागवाड-अथणीकडून आलेल्या, कर्नाटकाच्या पाटीच्या. बामणोली, सावळी, कानडवाडी, तानंग ही गावे वसाहतीच्या उंबऱ्यावरच आहेत. पण बेडग, आरग, सोनी, भोसे, अगदी कवठेमहांकाळहूनही माणसे रोज ये-जा करतात. कारखान्याला जमीन आणि पाणी एमआयडीसी देते, वीज महावितरण देते, कच्चा माल ट्रकने येतो. कामगार मात्र स्वतःच्या खर्चाने, स्वतःच्या गाडीवर आणि स्वतःच्या जोखमीवर गेटवर हजर होतो. हे इतके बिनबोभाट चालते की त्याचा खर्च कुणाच्याच वहीत लिहिलेला सापडत नाही. मोटारसायकलने समाजाला काय दिले आणि समाजाकडून काय घेतले हे तपासायचे तर याच न लिहिलेल्या खर्चापासून सुरुवात केली पाहिजे. माझे म्हणणे असे आहे की दुचाकीचा फायदा सगळ्या समाजाने वाटून घेतला आणि किंमत मात्र एकेका घराला एकट्याने मोजायला लावली. त्यामुळे दुचाकी बरी की वाईट, या नेहमीच्या वादातून फारसे हाती लागत नाही. तपासायची आहे ती वाटणी.

ही वाटणी कायम अशीच होती असे नाही. याच सांगली जिल्ह्यात लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली, तेव्हाच्या औंध संस्थानाच्या मुलखात, कुंडल रोड स्टेशनजवळच्या माळावर कारखाना काढला तेव्हा त्यांनी कामगारांच्या घरांचाही विचार केला. किर्लोस्करवाडीत कारखाना आणि वस्ती एकमेकांच्या सोबतीने वाढली. कामावर चालत जाता येत होते. कामगाराला गेटपर्यंत आणण्याचा प्रश्न तिथे कारखानदाराने आपला मानला होता. १९६२मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ (एमआयडीसी) स्थापन झाले आणि राज्यभर औद्योगिक वसाहतींचा नवा साचा आला. भूखंड, अंतर्गत रस्ते, पाणी, वीज यांची त्यात नीट तरतूद होती, पण कामगार राहणार कुठे आणि येणार कसा, हे बहुतेक ठिकाणी ज्याचे त्याच्यावर सोडले गेले. सुरुवातीला हे काम सायकल आणि एसटी यांनी निभावले. १९७२मध्ये पुण्याच्या फिरोदियांची लुना आली, चेतक स्कूटरही त्याच वर्षीची. पण स्कूटरसाठी वर्षानुवर्षे नंबर लावून बसावे लागे. खरा फरक पडला १९८५नंतर, शंभर सीसीची चार स्ट्रोक हीरो होंडा बाजारात आल्यावर. लिटरला साठ-सत्तर किलोमीटरचे अॅव्हरेज, कमी देखभाल आणि पुढे हप्त्याची सोय, यांमुळे मोटारसायकल बागायतदाराच्या दारातून शेतमजुराच्या दारात पोचली. २००१च्या जनगणनेत देशातल्या ११.७ टक्के घरांत दुचाकी होती, २०११मध्ये २१ टक्के घरांत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१च्या फेरीत हे प्रमाण निम्म्याच्या आसपास गेलेले दिसते. चारचाकी मात्र त्या वेळीही शंभरातल्या सात-आठ घरांतच होती.

फायद्याची बाजू आधी नीट मांडली पाहिजे, कारण शहरातल्या चर्चेत तिच्यावर अन्याय होतो. तिथे दुचाकी म्हणजे गर्दी, कट मारणारी पोरे आणि फुटपाथवर चढवलेली गाडी. खेडेगावात तिने काय केले ते साध्या गणिताने दाखवता येते. सायकलने ताशी बारा किलोमीटर धरले तर अर्ध्या तासात माणूस सहा किलोमीटर जातो. म्हणजे कारखान्याभोवती सहा किलोमीटरच्या वर्तुळातली, साधारण ११३ चौरस किलोमीटरमधली माणसेच अर्ध्या तासात कामावर पोचू शकतात. मोटारसायकलने ताशी चाळीसच्या वेगाने त्याच अर्ध्या तासात वीस किलोमीटर होतात आणि वर्तुळ साडेबाराशे चौरस किलोमीटरच्या पुढे जाते. कारखानदाराला कामगार निवडायला अकरा पट मोठा मुलूख मिळाला. दुष्काळी कवठेमहांकाळच्या किंवा मिरज पूर्व भागाच्या तरुणाला घर न सोडता, शहरात खोलीचे भाडे न भरता, सकाळी जनावरांचे आवरून आणि संध्याकाळी शेतावर एक चक्कर टाकून कारखान्याचा पगार मिळवता आला. शेती आणि नोकरी एका घरात नांदू लागली ती या गाडीमुळे. पाऊस दगा देतो त्या वर्षी हाच पगार घराला तारतो.

कारखान्याबाहेरही तिचा पसारा मोठा आहे. गवळ्याचे दुधाचे कॅन, संकलन केंद्रावर जाणारे शेतकरी, जनावरांचा डॉक्टर, कृत्रिम रेतन करणारा कर्मचारी, द्राक्षबागेत औषध पोचवणारा दुकानदार, वाड्या-वस्त्यांवर जाणारे पोस्टमन आणि शिक्षक, हे सगळे दुचाकीवरच चालते. पश्चिम महाराष्ट्राची दूध आणि द्राक्षांची बाजारपेठ दुचाकीविना आज उभी राहणार नाही. मुलींच्या आयुष्यातला फरक तर आणखी खोल आहे. बारावीनंतर कॉलेज लांब म्हणून शिक्षण थांबायचे, ते गिअर नसलेल्या स्कूटरने कितीतरी घरांत थांबू दिले नाही. नर्स, शिक्षिका, बँकेतली कर्मचारी, बचत गटाचा माल बाजारात नेणारी बाई यांना कुणाच्या तरी मागे बसून जायची वाट पाहावी लागत नाही. अरुंद गल्ल्यांतून रुग्णवाहिकेआधी उपचार पोचावेत म्हणून मुंबईत ऑगस्ट २०१७मध्ये बाइक रुग्णवाहिका सुरू झाल्या, तोही याच वाहनाचा गुण. रस्त्यावरची जागा आणि इंधन यांचा विचार केला तरी एकट्याने चारचाकीतून फिरणाऱ्यापेक्षा दुचाकीस्वार समाजावर पुष्कळ कमी भार टाकतो.

या सगळ्या सोयीचे पैसे कोण भरतो ते पाहू. गाव पंचवीस किलोमीटरवर असेल तर जाऊन-येऊन पन्नास किलोमीटर. पंचावन्नचे अॅव्हरेज आणि लिटरला एकशे पाच रुपयांचा भाव धरला तर रोजचे पंच्याण्णव रुपये, सव्वीस दिवसांचे सुमारे अडीच हजार. गाडीचा हप्ता तेवढाच. टायर, ऑइल, विमा वेगळा. पंधरा हजार पगार असलेल्या माणसाचे पाच हजार कामावर पोचण्यातच जातात. म्हणजे कारखान्याच्या मनुष्यबळाच्या वाहतुकीचा खर्च कामगाराच्याच पगारातून भागतो. त्यावर कर आहेतच. पेट्रोलवर केंद्र आणि राज्य दोघांचे, गाडी घेताना १० ते १२ टक्के वाहन कर, आणि २१ सप्टेंबर २०२५पर्यंत २८ टक्के जीएसटी, जो आता साडेतीनशे सीसीपर्यंतच्या गाड्यांना १८ टक्के झाला आहे. देशात विकल्या जाणाऱ्या पेट्रोलपैकी सुमारे ६१ टक्के दुचाकींच्या टाकीत जाते, असे पेट्रोलियम मंत्रालयासाठी झालेल्या २०१३च्या पाहणीत आढळले होते. तेव्हा रस्त्याला पैसे देणाऱ्यांत दुचाकीवाला मागे नाही. मात्र तो रस्ता बांधताना त्याचा विचार झालेला दिसत नाही.

आणि मग ज्या किमतीची मोजदाद रुपयांत होत नाही ती येते. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ साली देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली. त्यांपैकी ७४,८९७ दुचाकीवरची होती. दिवसाला दोनशेहून जास्त. एकट्या महाराष्ट्रात त्या वर्षी रस्त्यांवर १५,२२४ मृत्यू झाले. देशभरात हेल्मेट नसलेले ५०,०२९ जण मेले आणि त्यांत १४,३३७ मागे बसलेले होते. हा दुसरा आकडा जास्त बोचणारा आहे, कारण मागे बसणारी बहुतेक वेळा बायको, आई, बहीण किंवा शाळेतले मूल असते. आपल्याकडे साडीतली बाई एका बाजूला पाय सोडून बसते, तिच्या हाताला धरायला नीटशी पकड नसते, आणि खड्डा किंवा रंग न मारलेला गतिरोधक आला की तोल जाऊन ती डोक्यावर आपटते. वेग तीससुद्धा नसतो. मागच्या चाकाला साडी-ओढणी अडकू नये म्हणून जाळी आणि बसणाऱ्याला धरायला दांडी असावी असा केंद्रीय मोटार वाहन नियमच आहे. दिसायला बरी नाही म्हणून ती जाळी काढून ठेवणारे तरुण कमी नाहीत.

सांगली-सातारा पट्ट्याचा स्वतःचा एक मारेकरी आहे. ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत उसाचा हंगाम चालतो आणि कृष्णाकाठच्या प्रत्येक रस्त्यावर ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या धावतात. मागचा लाल दिवा बहुधा नसतो, रिफ्लेक्टर असला तरी चिखलाने माखलेला किंवा लोंबणाऱ्या उसाने झाकलेला. पंक्चर झालेली ट्रॉली चाकाखाली दगड लावून रात्रभर रस्त्यातच उभी राहते. दुसरी पाळी सुटून अंधारात घरी निघालेल्या माणसाला ती शेवटच्या दहा-पंधरा मीटरपर्यंत दिसत नाही, आणि समोरून येणाऱ्या वाहनाचा दिवा डोळ्यांवर असेल तर तेवढीही नाही. दर हंगामात आरटीओ आणि पोलीस साखर कारखान्यांवर जाऊन रिफ्लेक्टर लावण्याची मोहीम घेतात, वर्तमानपत्रांत फोटो येतात, तरी हंगामात असे अपघात होतच राहतात. इथे चूक कुणाची म्हणायची? पोलिसांच्या कागदावर बहुधा मागून धडकणाऱ्याची लिहिली जाते.

अपघातानंतरचा खर्च कोण उचलतो? मिरजेला वैद्यकीय पंढरी म्हणतात, १८९४मध्ये डॉ. विल्यम वॉनलेस यांनी तिथे रुग्णालय सुरू केले तेव्हापासून दूरदूरचे रुग्ण तिथे येतात. त्यामुळे इथल्या जखमीला निदान जवळ उपचार मिळतात, ही जिल्ह्याची मोठी जमेची बाजू. पण डोक्याला मार लागलेला रुग्ण वाचला तरी महिनोन् महिने उठत नाही. त्याच्याजवळ बसायला घरातल्या एकाला काम सोडावे लागते, दागिना गहाण पडतो, म्हैस विकली जाते. जागतिक बँकेने २०२१मध्ये महाराष्ट्रासह चार राज्यांतल्या अपघातग्रस्त कुटुंबांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात गरीब कुटुंबांपैकी ७५ टक्क्यांहून अधिकांचे उत्पन्न अपघातानंतर घटलेले आढळले. विम्याची स्थिती अशी की गाडीसोबत सक्तीने मिळणारा तृतीय पक्ष विमा दुसऱ्याच्या नुकसानीसाठी असतो. त्यात मागे बसलेला आपोआप येत नाही. पंधरा लाखांचे वैयक्तिक अपघात संरक्षण मिळते, पण ते गाडीच्या मालकाला, तो स्वतः चालवत असेल आणि त्याच्याकडे परवाना असेल तरच. आपल्याकडे गाडी वडिलांच्या नावावर असते आणि कामावर नेतो मुलगा. तो गेला तर त्या पंधरा लाखांतला एक रुपया घरात येत नाही, आणि हे घराला कळते ते सगळे होऊन गेल्यावर. मे २०२५पासून केंद्राने अपघातग्रस्तांसाठी पहिल्या सात दिवसांत दीड लाखापर्यंतच्या रोकडरहित उपचारांची योजना लागू केली आहे. ती चांगली आहे. पण डोक्याच्या दुखापतीची गोष्ट सात दिवसांत संपत नाही.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे: चूक चालवणाऱ्याचीच असते. तो वेगात असतो, दारू पिऊन असतो, मोबाइल कानाला लावून असतो, तीन सीट बसवतो. हे खोटे नाही, आणि त्यावर पांघरूण घालण्याचे कारणही नाही. सोळा वर्षांच्या मुलाच्या हातात दीडशे सीसीची गाडी देणारा बाप गुन्हेगारच आहे. २०१९च्या दुरुस्तीनंतर कायदाही तसेच म्हणतो आणि पालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार दंड सांगतो. पण माणूस चुकणार हे गृहीत धरूनच यंत्रे आणि रस्ते बांधायचे असतात. कारखान्यात प्रेसवर काम करणाऱ्याचा हात चुकून आत जाऊ शकतो म्हणून तिथे गार्ड बसवतात. हात का घातला असे विचारून कुणी गप्प बसत नाही. त्याच कामगाराच्या चुकीला कारखान्याच्या फाटकाबाहेर मात्र मरणाची शिक्षा आहे. ब्रेकचेच उदाहरण घ्या. ओल्या रस्त्यावर चाक लॉक होऊन गाडी घसरू नये यासाठीची एबीएस यंत्रणा १ एप्रिल २०१९पासून १२५ सीसीच्या वरच्या सगळ्या गाड्यांना सक्तीची झाली. त्याखालच्या गाड्यांना दोन्ही ब्रेक एकत्र लागण्याच्या साध्या सोयीवर भागवले गेले. कामगाराची गाडी शंभर-सव्वाशे सीसीचीच असते. ज्याला गाडीची गरज सर्वांत जास्त, त्याला ब्रेक कमी प्रतीचा, कारण किंमत वाढली तर विक्री घटेल.

दुसरा आक्षेप दुचाकीस्वारांकडूनच येतो, आणि तो हेल्मेटबद्दल आहे. डोके माझे, फुटले तर माझे, सरकारला काय त्याचे? पुण्यात जानेवारी २०१९पासून कडक अंमलबजावणी सुरू झाली तेव्हा याच भावनेतून मोर्चा निघाला होता. उन्हाळ्यात घाम येतो, मान दुखते, मागचे ऐकू येत नाही, गावात वेगच नसतो, अशी कारणे त्यावेळी दिली गेली आणि आजही दिली जातात. मार्च-एप्रिलच्या उन्हात हेल्मेट त्रासदायक होते हे मान्य. पण अनेक देशांतल्या अभ्यासांचा एकत्रित आढावा सांगतो की हेल्मेटने मृत्यूची शक्यता ४२ टक्क्यांनी आणि डोक्याला इजा होण्याची ६९ टक्क्यांनी कमी होते. घामाची तुलना या आकड्यांशी होऊ शकत नाही. आणि गावात वेग नसतो म्हणाल तर डांबरावर डोके आपटायला वेग लागतच नाही, उंची पुरते. व्हिएतनाम हा आपल्यासारखाच उष्ण, दुचाकींनी भरलेला देश. तिथे १५ डिसेंबर २००७पासून सगळ्या रस्त्यांवर, चालवणारा आणि मागे बसणारा दोघांना, हेल्मेट सक्तीचे झाले आणि पोलिसांनी पहिल्या दिवसापासून ते पाळायला लावले. काही आठवड्यांत नव्वद टक्क्यांहून जास्त लोक हेल्मेट घालू लागले. रुग्णालयांच्या नोंदींवरून पहिल्या तीन महिन्यांतच डोक्याच्या दुखापतींचा धोका १६ टक्क्यांनी आणि मृत्यूचा १८ टक्क्यांनी घटल्याचे दिसले. आपल्याकडे १९८८च्या मोटार वाहन कायद्यातले कलम १२९ इतकी वर्षे आहे. उणीव आहे ती रोजच्या अंमलबजावणीची. जाता जाता एक गोष्ट सांगण्यासारखी: पश्चिम जर्मनीत १९८० साली विनाहेल्मेट स्वाराला जागेवर दंड सुरू झाला आणि पुढच्या सहा वर्षांत मोटारसायकल चोऱ्या दीड लाखावरून सुमारे ५४ हजारांवर आल्या. चोराकडे ऐन वेळी हेल्मेट नसे आणि तो लगेच नजरेत भरे.

डोके माझे हे म्हणणे मला पटत नाही ते आणखी एका कारणाने. त्या डोक्यावर एक घर चालते, त्याच्या उपचाराला सरकारी रुग्णालयातली खाट लागते, आणि त्याच्या कामावर एका कारखान्याची पाळी अवलंबून असते. समाजाचा त्या डोक्याशी संबंध आहेच. मात्र हाच युक्तिवाद दुसऱ्या बाजूनेही लागू होतो, आणि तो तसा लावायचे आपण टाळतो. समाजाचा संबंध आहे म्हणून दंड घ्यायचा असेल, तर समाजाचा संबंध आहे म्हणून खर्चही उचलावा लागेल. आयएसआय शिक्क्याच्या हेल्मेटवर १८ टक्के कर आहे, म्हणजे आज छोट्या गाडीइतकाच. जीव वाचवणाऱ्या वस्तूवर कर कशाला, याचे उत्तर कुणी देत नाही. शिक्का नसलेली, पातळ प्लास्टिकची हेल्मेटे रस्त्याकडेला दोनशे रुपयांत विकली जातात आणि पोलिसांपुरती घातली जातात, याचे एक कारण त्या करातही आहे.

दुचाकीस्वार दुसऱ्यांवर जो भार टाकतात तोही सांगायला हवा, नाहीतर हा हिशेब एकतर्फी होईल. पायी चालणारी म्हातारी माणसे आणि सायकलवरची मुले दुचाकीच्या धडकेने मरतात. सायलेन्सर बदलून फटाके फोडणारी बुलेट रुग्णालयाच्या रस्त्यावरूनही जाते. अशांना मी समाजाच्या फायद्यात अजिबात धरत नाही. ज्याला दुचाकी चालवता येत नाही त्याचे नुकसान मात्र सर्वांत मोठे आणि सर्वांत कमी बोलले जाणारे आहे. गावातली धडधाकट माणसे दुचाकीवर गेली की एसटीला प्रवासी कमी होतात, प्रवासी कमी झाले की फेरी बंद होते, आणि फेरी बंद झाली की उरलेल्यांनाही कर्ज काढून गाडी घ्यावी लागते. शेवटी थांब्यावर उरतात म्हातारे, आजारी, अपंग आणि शाळकरी मुले. ऑक्टोबर २०२१पासून पाचेक महिने एसटीचा संप चालला तेव्हा ज्या अनेक घरांनी गाड्या घेतल्या, त्या घरांचे प्रवासी संप मिटल्यावर सगळे परत आले नाहीत.

इथे तिसरा आक्षेप उभा राहतो: बस तोट्यात चालते, मग चालवायची कुणासाठी? सांगली-मिरज-कुपवाड महानगरपालिका १९९८मध्ये झाली, २०११मध्ये तिची लोकसंख्या पाच लाखांवर होती, पण तिन्ही गावांना जोडणारी शहर बस एसटीच चालवत आली आणि पाळीच्या वेळा सांभाळणे तिला कधी जमले नाही. उरलेले काम वडापच्या रिक्षा करतात. एसटीचा तोटा आपल्याला दिसतो कारण तो एका ठिकाणी, एका ताळेबंदात लिहिलेला असतो. दुचाकीचा तोटा हजारो घरांत विखुरलेला आहे: कुठे पाच हजारांचा महिना, कुठे गहाण पडलेले दागिने, कुठे गेलेला कमावता मुलगा. तो सगळा एका वहीत लिहिला तर बसचा तोटा त्यापुढे किरकोळ वाटेल, असे मला ठामपणे वाटते. आणि लोकांना बस नकोच आहे हेही खरे नाही. १७ मार्च २०२३पासून महिलांना एसटीत अर्धे तिकीट झाले आणि बायकांनी गाड्या भरून गेल्या. मागणी होती, परवडत नव्हते. वसाहतीतल्या कारखान्यांनी पाळी सुटण्याच्या वेळा एकमेकांशी जुळवून मिरज पूर्व, बुधगाव-कवलापूर आणि म्हैसाळ अशा तीन-चार दिशांना मिळून बस सोडल्या, तर निदान रात्रीच्या पाळीचा माणूस अंधारात उसाच्या ट्रॉलीमागे जाणार नाही. गाडी त्याने दिवसाच्या कामाला खुशाल वापरावी. विजेवरच्या स्कूटरने हा प्रश्न सुटेल असे काहींना वाटते. तिने धूर आणि पेट्रोलचा खर्च घटेल, पण डांबर तेवढेच कठीण राहील.

कामावर येण्या-जाण्याचा प्रवास हा कामाचाच भाग आहे, असे कायदा आता स्पष्टपणे म्हणू लागला आहे. कर्मचारी राज्य विमा (ईएसआय) कायद्यात २०१०मध्ये कलम ५१-ई घातले गेले: घरातून कामावर जाताना किंवा परत येताना झालेला अपघात, वेळ, जागा आणि परिस्थिती यांचा कामाशी संबंध दिसत असेल तर, कामावरचाच अपघात मानायचा. २९ जुलै २०२५ला सर्वोच्च न्यायालयाने हेच तत्त्व कर्मचारी नुकसानभरपाई कायद्यालाही लावले. ते प्रकरण आपल्याच राज्यातले होते. तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातला, एका साखर कारखान्याचा रखवालदार, पहाटे तीनला ड्युटीवर हजर व्हायचे म्हणून मोटारसायकलवर निघाला आणि कारखाना पाचेक किलोमीटर उरला असताना एप्रिल २००३मध्ये अपघातात गेला. पहाटे तीनला कोणती एसटी असते? खालच्या प्राधिकाऱ्याने घरच्यांना सव्वातीन लाखांवर भरपाई आणि व्याज मंजूर केले होते, उच्च न्यायालयाने ते रद्द केले, आणि सर्वोच्च न्यायालयाने बावीस वर्षांनी परत दिले. नोव्हेंबर २०२५मध्ये लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ही तरतूद आहे.

ही दृष्टी घेतली तर कुपवाडमध्ये पुष्कळ गोष्टी कारखानदारांच्या आणि पालिकेच्या कक्षेत येतात. बूट आणि हातमोजे देतात तसे शिक्क्याचे हेल्मेट देणे. सलग दोन पाळ्या करून घेतलेल्या माणसाला झोपेच्या डोळ्यांनी वीस किलोमीटर गाडी चालवायला न लावणे. वसाहतीतून गावांकडे जाणाऱ्या रस्त्यांवर दिवे आणि पांढरे पट्टे असणे. आणि उसाच्या ट्रॉलीचा मागचा दिवा साखर कारखान्याच्या काट्यावरच तपासणे, दिवा नसेल तर वजनच न करणे. यांतले एकही काम मोठ्या भांडवलाचे नाही. अडचण येते ती कंत्राटी कामगाराची. ईएसआयची पगारमर्यादा महिना २१ हजार आहे, त्यामुळे वसाहतीतला बहुतांश कामगार तिच्या आत बसतो. पण ठेकेदाराने त्याचे नाव पहिल्या दिवसापासून नोंदवले नसेल, तर वाटेवरच्या अपघाताची ही तरतूद त्याच्यासाठी नसल्यासारखीच. कामगार अधिकाऱ्यांना तपासणी सुरू करायची असेल तर ती गेटवरच्या हजेरीची वही आणि ईएसआयची यादी शेजारी ठेवून करावी लागेल, आणि त्यात पाळी सुटल्याची वेळसुद्धा लिहिलेली असावी, कारण अपघाताचा कामाशी असलेला संबंध पुढे त्याच नोंदीवरून सिद्ध करायचा असतो.